जाळरेषेवरचे पक्षी मोजायला हवेत

उन्हाळा जवळ आला की अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासचे गवताळ डोंगर पेटतात. बहुतेक आगी माणसानेच लावलेल्या. पण त्यातली प्रत्येक आग वणवा नसते. वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी वनखाते ठरावीक पट्ट्यांतले वाळलेले गवत स्वतःच जाळून टाकते. ही जाळरेषा. पुढे भडकलेली आग या मोकळ्या पट्ट्याशी येऊन अडते. खाली भातखाचरात शेतकरी राब भाजतो, तीही हिशेबाने लावलेली आग: तणाचे बी मरते, राखेचे खत होते.

या आगींचा हिशेब पक्ष्यांच्या बाजूनेही मांडला पाहिजे. ते काम उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या महाविद्यालयीन मुलांना नक्की जमेल.

अमेरिकेच्या आग्नेय भागात पाइनची जंगले मुद्दाम जाळली जातात, कारण तिथल्या एका दुर्मीळ सुतार पक्ष्याला झुडपांविना मोकळे जंगल लागते. काझीरंगातही दरवर्षी गवत जाळतात. पण तिथले निष्कर्ष आपल्या भागातल्या मलंगगडाच्या उतारावर जसेच्या तसे लागू होणार नाहीत. इथे मोजूनच पाहावे लागेल.

आणि मोजणे वाटते तितके सोपे नाही. गवत जळताच होरपळलेले, पळणारे किडे टिपायला कोतवाल, गायबगळे, नीलपंख जमतात. शिवाय उघड्या जमिनीवर पक्षी सहज दिसतात. एकदाच फेरी मारणाऱ्याला वाटेल, आगीने पक्षी वाढले! टिटवी आणि रातवा तर जमिनीवरच अंडी घालतात. त्यांच्यासाठी जानेवारीतली आग वेगळी आणि एप्रिलमधली वेगळी.

म्हणून जळालेला पट्टा आणि शेजारचा न जळालेला, दोन्हीकडे त्याच जागी, तेवढाच वेळ, पुन्हा पुन्हा मोजणी हवी. दोन मुहूर्त तर तयारच आहेत. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह; तेव्हा गवत उभे असते. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. तोवर जाळरेषा काळ्या झालेल्या असतात. तिसरी फेरी पावसाळ्यात, नवे गवत वाढल्यावर.

वनखात्याने जाळरेषांच्या जागा आणि तारखा महाविद्यालयांना आधी कळवाव्यात, आग विझल्यावर वनरक्षकासोबत मुलांना जाऊ द्यावे. महाविद्यालयांनी ही मोजणी पर्यावरणाचा प्रकल्प म्हणून धरावी. नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जाव्यात आणि त्यांची एक प्रत पुढच्या हंगामाच्या जाळरेषा आखण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचावी.