बर्फाचा कप्पा वर की खाली?

वार्षिकांकासाठी लेख लिहायचा म्हटले की विषय जणू आधीच ठरलेले असतात. हुंडा, बेकारी, आजचा तरुण, मला आवडलेले पुस्तक, नाहीतर पावसाळ्यातील एक संध्याकाळ. अशा मान्यवर विषयांच्या पंगतीत मी चक्क एक फ्रीज आणून बसवणार आहे. संपादक मंडळातील मित्र हसतील, काही प्राध्यापक चष्म्यावरून पाहतील. हसू द्या, पाहू द्या. जी वस्तू घेण्यासाठी आमच्यासारख्या घरात दोन-दोन वर्षे पैसे बाजूला टाकावे लागतात आणि जी एकदा आली की दहा-बारा वर्षे जागची हलत नाही, तिचा विचार करणे हलके कसे ठरते, हे मला कोणीतरी पटवून द्यावे.

प्रश्न तसा साधा आहे. दोन दारांचा फ्रीज घ्यायचा तर बर्फाचा कप्पा, म्हणजे फ्रीझर, वर असलेला घ्यावा की खाली असलेला? माझे मत मी आधीच सांगून टाकते. ज्या घरात भाजी, दूध, दही यांचीच ये-जा अधिक, त्या घराने परवडत असेल तर खाली फ्रीझर असलेला फ्रीज घ्यावा. परवडत नसेल तर वर फ्रीझर असलेला घ्यावा आणि तो स्टँडवर उंच ठेवावा. आणि दोन्हींपैकी काय, हे त्या घरात जिला रोज फ्रीजपुढे वाकावे लागते तिने ठरवावे. बाकीच्यांनी तिला माहिती पुरवावी आणि गप्प बसावे.

फ्रीज म्हणजे श्रीमंतांची चैन, असे अजूनही काहींना वाटते. १९५८ साली गोदरेजने आपल्या देशात फ्रीज बनवला तेव्हा ती चैन होतीही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा फ्रीजवर २८ टक्के कर होता. २०१८ च्या जुलैमध्ये तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे चैन आणि गरज यांच्यामधली रेघ सरकारनेही जरा सरकवली. आमच्या वस्तीत ती केव्हाच सरकली आहे. संध्याकाळी सातला कामावरून परतणाऱ्या बाईला रोज मंडईत जाणे जमत नाही. आठवड्याची भाजी एकदम आणायची, रात्रीच कणीक भिजवून ठेवायची आणि पहाटे पोळ्या लाटून बाहेर पडायचे, हा तिचा क्रम असतो. तिच्या फ्रीजला चैन म्हणणाऱ्याने एकदा तिच्याबरोबर पहाटे पाचला उठून पाहावे.

आमच्या घरी अजून फ्रीज नाही. बाबा यंत्रमागावर कामाला आहेत, आई तीन घरी स्वयंपाकाला जाते, आणि आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण फ्रीजविषयी आमच्या घरात सर्वांत अधिक ज्ञान कोणाला असेल तर ते आईला. तीन घरांतले तीन तऱ्हेचे फ्रीज ती रोज हाताळते. एकीकडे एका दाराचा, दुसरीकडे वर फ्रीझर असलेला, तिसरीकडे खाली फ्रीझर असलेला. असे असूनही गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे एका दुकानात गेलो, तेव्हा तिथला विक्रेता बाबांशी लिटर, स्टार आणि हप्ते यांवर बोलला, धाकट्या भावाला दाराचा चकचकीत रंग दाखवला, आणि आईला एवढेच विचारले, “मावशी, फुलांचं डिझाइन चालेल ना?” आईने उत्तर दिले नाही. तिने फ्रीजचे खालचे दार उघडले, उकिडवी बसली, भाजीचा खण ओढून पाहिला आणि दाराला धरून उठली. मग म्हणाली, “बर्फ वर आणि भाजी पायाशी, असं का ठेवतात?”

तिथे तिला कोणी उत्तर दिले नाही. मी नंतर शोधून काढले ते येथे देते, कारण प्रश्न मोठा नेमका आहे.

थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते, म्हणून ती खाली उतरते. यंत्राचा फ्रीज येण्यापूर्वी परदेशांत बर्फाची लाकडी कपाटे असत, त्यांतही बर्फाची लादी बहुधा वरच्या बाजूला ठेवत, म्हणजे गारवा आपोआप खाली झिरपत राही. एका दाराच्या फ्रीजमध्ये आजही हेच घडते. वरचा बर्फाचा कप्पा थंड होतो, त्याच्याभोवतीची हवा खाली येते आणि दूध-भाजी गार होते. त्यात तो कप्पा तळाशी ठेवला असता तर थंड हवा तळाशीच बसून राहिली असती आणि वरचे दूध नासले असते. तेव्हा फ्रीझर वर असणे ही त्या काळी निसर्गाचीच अट होती.

पुढे बर्फ न साचणारे, ज्यांना ‘फ्रॉस्ट फ्री’ म्हणतात ते फ्रीज आले. त्यांत थंड हवा आपल्या जडपणाने उतरण्याची वाट पाहावी लागत नाही, पंखा ती हवी तिकडे ढकलतो. निसर्गाची अट तिथेच संपली. फ्रीझर वर ठेवा की खाली, पंख्याला दोन्ही सारखेच. तरीही पुष्कळशा दोन दारी फ्रीजमध्ये फ्रीझर वरच राहिला. आता त्यामागे सवय आहे आणि स्वस्ताई आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे या. माझ्या आजीचा स्वयंपाक जमिनीवर बसून चाले. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, भाजीची दुरडी हाताशी. बसलेल्या बाईला खालची वस्तू जवळची वाटते. दूध-लोणी मांजरापासून राखायचे म्हणून शिंक्यावर, पण ते दिवसातून एक-दोनदा काढायचे. पुढे ओटा आला आणि बाई उभी राहिली. शेगडी वर आली, विळीच्या जागी सुरी आली, पाट्याच्या जागी मिक्सर आला. सगळे कंबरेच्या उंचीवर चढले. एक भाजी तेवढी फ्रीजमध्ये गेली आणि पुन्हा पायाशी जाऊन बसली. उभ्या स्वयंपाकघरात दिवसातून पंधरा वेळा वाकायला लावणारी ही वस्तू आपण आधुनिक म्हणून घेतो!

पंधरा हा आकडा मी अंदाजाने लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर तिच्या एका कामाच्या घरी गेले होते. सकाळच्या दीड तासात तिने खालचा कप्पा सतरा वेळा उघडला. दूध, साय, मिरच्या, कोथिंबीर, कणीक, पुन्हा कोथिंबीर. फ्रीझर उघडला एकदा, मटारासाठी. जो कप्पा सतरा वेळा उघडायचा तो डोळ्यांसमोर हवा आणि जो एकदा उघडायचा तो खाली चालेल, हे समजायला विज्ञान शाखेत जावे लागत नाही. फ्रीझर खाली असला की भाजीचा खण कंबरेशी येतो. गुडघे दुखणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक रंगाच्या आणि फुलांच्या फरकापेक्षा फार मोठा आहे.

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. पहिले म्हणजे किंमत. खाली फ्रीझर असलेला फ्रीज बहुधा महाग पडतो, आणि लहान मापात त्याचे प्रकारही थोडे मिळतात. दहा बाय दहाच्या खोलीत जिथे आम्ही झोपतो, अभ्यास करतो आणि जेवतो, तिथे मोठे माप ठेवायचे कुठे? दुसरे म्हणजे वीज. सारख्या मापाचे दोन फ्रीज घेतले तर वर फ्रीझर असलेला साधारणपणे थोडी कमी वीज खातो. यंत्र दोन्हींत तळाशी मागच्या बाजूला असते आणि ते तापते. खाली फ्रीझर असला की सर्वांत थंड कप्पा सर्वांत गरम जागेचा शेजारी होतो. म्हणून दुकानात केवळ तारे मोजू नयेत. तारे मापाच्या हिशेबाने दिलेले असतात, त्यामुळे तीन ताऱ्यांचा मोठा फ्रीज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रीजपेक्षा जास्त वीज जाळू शकतो. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट हा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. बिल युनिटांचे येते, ताऱ्यांचे येत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मालवणच्या मैत्रिणीचा. ती म्हणते, “तुम्ही भाजीवाले. आमच्याकडे सुरमई, बांगडा साफ करून डबे भरून ठेवतात. आमचा फ्रीझरच सारखा उघडतो.” तिचे अगदी खरे आहे. तिच्या घरी फ्रीझर वरच हवा. म्हणूनच मी ‘सर्वोत्तम फ्रीज कोणता’ असे विचारत नाही. आपल्या घरात कोणते दार जास्त उघडते, एवढेच विचारते.

आणि हे कोणाला विचारायचे? आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ग्राहकाचे सार्वभौमत्व नावाचे प्रकरण आहे. ग्राहक राजा आहे, तो पैशाने कौल देतो आणि उत्पादक त्याप्रमाणे माल बनवतो, असे त्यात सांगितले आहे. सरांची क्षमा मागून मी एक शंका विचारते. पैसे मोजणारा ग्राहक आणि वस्तू वापरणारा ग्राहक एकच असतो, हे पुस्तकाने कशावरून धरले? आमच्या घरांत पैसे मोजतो तो वाकत नाही आणि वाकते ती पैसे मोजत नाही. कौल एकाचा आणि कंबर दुसरीची. मग उत्पादकाला बाजारातून जो निरोप पोहोचतो तो अर्धाच पोहोचतो. विक्रेता आईला फुले दाखवतो यात एकट्या त्याचा दोष नाही. आजवर घराघरांतून तिला तेवढेच विचारले गेले आहे. माझी आई तर स्वतः कमावते. तरीही दुकानात बोलणे बाबांशीच होते.

आता आमच्या घराचा हिशेब. दोन फ्रीजांच्या किमतीतला फरक आणि माझी पुढच्या वर्षाची परीक्षा फी, पुस्तके हे एकाच डब्यातून निघायचे आहे. त्यामुळे माझ्या मताचा पहिला भाग आमच्या घरी बहुधा चालणार नाही, दुसरा चालेल. वर फ्रीझर असलेला फ्रीज अर्धा-पाऊण फूट उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवला की भाजीचा खण तेवढा वर येतो. उंची घेताना घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाचा हात फ्रीझरला पोहोचतो की नाही ते पाहावे. स्टँड भक्कम आणि समतल हवा, नाहीतर दार ओढताना फ्रीज डुलतो. मागे भिंतीपासून अंतर सोडावे, म्हणजे यंत्राची उष्णता निघून जाईल. रोजच्या मिरच्या-कोथिंबिरीचा डबा तळच्या खणात न टाकता मधल्या फळीवर ठेवावा. कांदे-बटाटे तर फ्रीजमध्ये ठेवूच नयेत, ते टोपलीतच चांगले राहतात. खर्च थोडा, आणि वाकणे निम्मे कमी. मात्र बाबांना मी सांगितले आहे की शेवटचा शब्द आईचा. ते म्हणाले, “तिला कुठं कळतंय त्यातलं?” तीन फ्रीज रोज हाताळणाऱ्या बाईला कळत नाही आणि एकही न हाताळणाऱ्या आम्हांला कळते, हे ज्ञान आम्ही कुठल्या विद्यापीठातून मिळवले?

मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी एक दिवस वही घेऊन बसावे आणि कोणते दार किती वेळा उघडले व कोण किती वेळा वाकले ते मांडावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी घेण्यापूर्वी आईला, आजीला, वहिनीला विचारावे. रंगाचे नंतर विचारा. आधी विचारा की भाजी कुठे ठेवलेली बरी.

द्वितीय वर्ष, कला शाखा