खिचडी ही भीक नव्हे, हक्क आहे

"पोरं शाळेत शिकायला नाही, खिचडी खायला जातात," असा टोमणा आपल्या वस्तीतल्या आयाबायांना आजही ऐकावा लागतो. काही पालक तर लाजेपोटी मुलांना सांगतात, "तिथं जेवू नको." बंधू-भगिनींनो, यात लाजण्यासारखे काय आहे?

आळवी नगरीत भगवान बुद्धांच्या उपदेशाला एक गरीब शेतकरी आला. हरवलेला बैल शोधून तो दमला होता, उपाशी होता. तथागतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मग धम्म सांगितला, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे.

सरकारला हे शहाणपण उशिरा सुचले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली. तेव्हा महाराष्ट्रात मुलामागे महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे आणि तो सगळ्या घरात वाटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आज सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला जात, उत्पन्न न विचारता जेवण मिळते. सर्वांनाच मिळते, म्हणून कुणावर गरिबीचा शिक्का बसत नाही.

अभ्यासात फरक पडतो काय? पडतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी संशोधनात, पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी, तर गणिताचे ९ टक्क्यांनी जास्त आढळले. म्हणजे लाभ आहे तो वर्षानुवर्षांच्या सातत्याचा. आपल्या जिल्ह्यात गंगाखेड, सोनपेठ भागातून कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा मुलांची शाळाही तुटते आणि ताटही. शक्य असेल त्यांनी मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवावे.

आणखी एक गोष्ट. शाळेत शिपाई नसला की बाल भीमरावांना तहानलेले राहावे लागे. २००४ साली न्यायालयाने स्वयंपाकाच्या कामात दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असे सांगितले. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील सूखीढांग येथे दलित भगिनीच्या हातचे अन्न मुलांनी नाकारले. म्हणून एका पंगतीत बसून जेवणे हाही समतेचा धडाच आहे.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. मातांनो, सभेला जा. तांदळाची नोंदवही पाहा, खिचडीची चव घ्या आणि त्याच बैठकीत गुरुजींना विचारा, "माझ्या लेकराला वाचता येतं का?" पोट भरले, आता पाटी भरलीच पाहिजे.

जयभीम!