नाणं दाखवा, पत्ता नको

कुंभकोणमजवळचं पळैयारै ही एकेकाळची चोळांची राजधानी. पुढे हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांकडे आला. त्यामुळे इथल्या एखाद्या जुन्या पेटीत चोळांचं नाणं निघालं तर नवल नाही. पण ते निघालं की लगेच ‘माझा संग्रह पहिल्या नंबरचा’ असं जाहीर करावं का?

अगदीच लपवून ठेवण्यातही तोटा आहे. करूरच्या अमरावती नदीत सापडलेली नाणी ‘दिनमलर’चे तत्कालीन संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी अभ्यासली आणि प्रसिद्ध केली. त्यातून संगमकाळाच्या इतिहासात मोलाची भर पडली. पेटीतच राहिली असती तर ते नुसते धातूचे तुकडे!

मात्र अभ्यासकाला हवं असतं नाण्याचं वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो आणि ते कुठून मिळालं याची माहिती. तुमचं घर कुठे, संग्रहाची एकूण किंमत किती, हे चोराच्याच कामाचं. म्हणून टोपणनाव वापरा, फोटोतलं लोकेशन काढून टाका आणि आधी घरच्यांना विचारा. वडिलोपार्जित पेटी एकट्याची नसते.

नाणी जमिनीत सापडली असतील, तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तिथे टोपणनाव चालत नाही!