आधी डोके तपासा

केस गळण्यावर औषध सुरू झाले की दर काही महिन्यांनी हार्मोनची रक्त तपासणी करावी, म्हणजे औषध लागू पडते की नाही ते कळते, असा सल्ला हल्ली मोबाइलवरच्या जाहिरातींतून आणि तपासण्यांच्या पॅकेजांतून दिला जातो. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावीही आता रक्ताचा नमुना देता येतो. तो मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जातो आणि रिपोर्ट फोनवर येतो. त्यामुळे तालुक्यातल्या घोट-आष्टीच्या तरुणालाही हे सहज जमण्यासारखे वाटते. सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि ज्याच्या खिशाला तो सर्वांत जड जातो त्याचेच त्यात सर्वांत जास्त नुकसान आहे.

त्यामागचा युक्तिवाद मोडीत काढण्याआधी नीट ऐकायला हवा. पुरुषांच्या टकलाचा हार्मोनशी संबंध आहेच. वयात येण्याआधी वृषणे निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले आणि घराण्यात टक्कल असले तर ते पडू लागते, हे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास मांडला. त्या घरांतल्या काही मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या हार्मोनमध्ये पुरेसे रूपांतर होत नव्हते, आणि मोठेपणी त्यांचे केस मागे हटत नव्हते. याच धाग्यावरून पुढे फिनास्टेराइड हे औषध आले. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीला टकलासाठी मान्यता मिळाली. मग मधुमेहात साखर मोजतो, थायरॉइडच्या गोळीवर टीएसएच पाहतो, तसे इथे डीएचटी का मोजू नये? प्रश्न रास्त आहे.

मधुमेहात रक्तातली साखरच आटोक्यात आणायची असते आणि औषधाची मात्रा त्या आकड्यावर ठरते. टकलाचे तसे नाही. टक्कल पडलेल्या बहुतेक पुरुषांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन इतरांसारखेच असते. वेगळी असते ती केसांच्या मुळांची संवेदनशीलता, आणि ती वारशाने येते. नेहमीच्या रक्ताच्या रिपोर्टात ती उमटत नाही. १९९९ च्या एका अभ्यासात फिनास्टेराइडच्या ०.२ मिलिग्रॅमनेही रक्तातले डीएचटी जवळपास ७० टक्क्यांनी उतरले आणि १ मिलिग्रॅमनेही जवळपास तेवढेच. म्हणजे आकडा लवकरच तळाला टेकतो. पुढे केस वाढोत वा गळोत, तो तिथेच राहतो. अशा आकड्यावरून कोणता डॉक्टर मात्रा ठरवणार?

औषध तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी काय केले, तेही पाहावे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनास्टेराइडच्या मोठ्या चाचण्यांत १,५५३ पुरुष होते. त्यांच्या माथ्यावर एक इंच व्यासाचे वर्तुळ आखून त्यातले केस मोजले गेले. वर्षाअखेरीस औषध घेणाऱ्यांच्या वर्तुळात, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी १०७ केस जास्त होते. औषध खरे ठरले ते डोक्यावरच्या मोजणीने.

डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल तर मुळात हार्मोनवर काम करीतच नाही. त्याच्यासाठी हार्मोनचा रिपोर्ट मागणे निरर्थक आहे.

शिवाय रिपोर्ट फसवाही असतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असते, स्त्रियांची हार्मोन्स पाळीच्या चक्राप्रमाणे बदलतात. त्यात केसांसाठी म्हणून बायोटिनच्या जोरदार मात्रेच्या गोळ्या चालू असतात. बायोटिनमुळे अनेक रक्त तपासण्यांचे आकडे चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. थायरॉइड ठीक असताना बिघडलेले दिसू शकते. केसांसाठी घेतलेली गोळीच केसांची तपासणी बिघडवते, आणि मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात.

डीएचटी उतरले नसेल तर गोळी नकली आहे किंवा रुग्ण ती घेतच नाही, एवढे रक्त सांगू शकते, हे मान्य. पण त्यासाठी दर तिमाहीला सुई टोचायची गरज नाही. रुग्णाशी बोलले, गोळ्यांचे पाकीट पाहिले, तरी बरेच कळते.

सुरक्षिततेचा मुद्दा जास्त गंभीर आहे. फिनास्टेराइडने काहींची कामेच्छा कमी होते, काहींचे मन खचते. २०२५ मध्ये युरोपीय औषध यंत्रणेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. डीएचटीच्या आकड्यात हे दिसत नाही, ते विचारावे लागते, आणि रुग्णाला लाज वाटणार नाही अशा रीतीने. एक रक्त तपासणी मात्र इथे खरोखर महत्त्वाची आहे. ही गोळी प्रोस्टेटच्या पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर आणते. पन्नाशीच्या माणसाने ती चालू असल्याचे सांगितले नाही, तर कर्करोगाची खूण नजरेतून सुटू शकते.

तेव्हा विरोध रक्त तपासणीला नाही, प्रश्नावाचून केलेल्या तपासणीला आहे. २०२४ च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. आधी पाण्यावर संशय गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला, आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. तिथे तपासणीपुढे नेमका प्रश्न होता: या गावांच्या पोटात काय गेले? तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा धनादेश परत करून कट प्रॅक्टिसविरुद्ध तक्रार करणारे डॉक्टरही हेच, याची इथे आठवण ठेवायला हवी.

चामोर्शीत असे नेमके प्रश्न भरपूर आहेत. हिवतापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि बहुतेकदा आपसूक परततात. तिथे डीएचटी मोजण्यापेक्षा ताप कधी आला होता ते विचारावे. बाईचे केस विरळ होत असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच पाहावे. सिकलसेल असलेल्या या जिल्ह्यात तर फेरिटिन न पाहता, नुसते हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देत राहणे धोक्याचे. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर टेस्टोस्टेरॉनची तपासणी जरूर करावी, कारण तिच्या निकालाने उपचार बदलतो.

उपचाराचा हिशेब ठेवायला साधा फोन पुरतो. औषधाच्या पहिल्या दिवशी, मग सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, केस कोरडे ठेवून आणि भांग तसाच पाडून माथ्याचा आणि कपाळाचा फोटो काढावा. तारखेसकट तो डॉक्टरांना दाखवावा, आणि डीएचटीचे वाचलेले पैसे औषधात खंड पडू नये म्हणून बाजूला ठेवावेत.