वीजजाळे कोणाच्या ताब्यात?

३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले आणि ६० कोटींहून अधिक लोकवस्तीचा मुलूख वीजहीन झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईवर पाळी आली. संकटकाळी शहराला मुख्य जाळ्यापासून अलग राखणारी व्यवस्थाच निष्फळ ठरली.

छपरावर सौर पॅनेल बसविले म्हणजे वीज स्वाधीन झाली, हा भ्रम होय. जाळे बंद पडताच सामान्य सौरसंच, तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी, भर उन्हातही आपोआप थांबतो. स्थानिक जाळे स्वतंत्रपणे चालवायचे तर बॅटऱ्या, ५० हर्ट्झ वारंवारता राखणारी यंत्रणा आणि क्षणोक्षणी मागणी-पुरवठ्याचा मेळ हवा. त्याला भांडवल लागते. ते कोणाचे, हाच कळीचा प्रश्न आहे.

२००३च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात परवान्याविना वीजनिर्मिती व वितरणाची मुभा दिली. या मुभेवर नफेखोरांनी पोसावे, श्रीमंत वसाहतींनी आपापली बेटे उभारावीत आणि उरलेल्या जाळ्याचा खर्च शेतमजुराच्या बिलात चढावा, हे कदापि मान्य होणार नाही. स्थानिक जाळी सार्वजनिक खर्चाने उभारलेली, ग्रामपंचायती व सहकारी संस्थांच्या ताब्यातील आणि राष्ट्रीय जाळ्याशी जोडलेलीच असली पाहिजेत. ही मागणी घेऊन पक्षशाखांनी जनतेत गेले पाहिजे.