ऐन पेरणीत घाला

दिवाळीच्या दिवसांत बेळगावच्या गल्लीबोळांतून हिंडावे आणि दारोदारी मुलांनी रचलेले मातीचे किल्ले पाहावेत, हा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. गेल्या दिवाळीत मात्र खरे युद्ध अंगणातल्या किल्ल्यावर न होता आमच्या माडीवरच्या खोलीत झाले, आणि त्याचा निवाडा करण्याचा प्रसंग आमच्यावर ओढवला.

त्याचे असे झाले. आमची धाकटी भगिनी सणाला माहेरी आली होती. तिच्यासमवेत तिचे चिरंजीवही आले. ते बंगळूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांचा लॅपटॉप आणि आमच्या घरचा संगणक एकमेकांस जोडून भाऊ-बहीण कसलासा मध्ययुगीन लढाईचा खेळ खेळू लागली. दहा-बारा मिनिटे झाली असतील नसतील, तोच आमची नववीतली कन्या डोळे पुसत खाली आली.

“बाबा, दादानं मला एक शेतसुद्धा करू दिलं नाही. पहिल्यांदाच घोडे घेऊन आला आणि माझी माणसं मारली.”

तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसापुढे फिर्यादी रडत उभा राहिला, की आरोपीस काही विचारावे याचे भान उरत नाही. आम्ही भाच्याला वर जाऊन खडसावले. लहान बहिणीवर असा घाला घालणे हा पराक्रम नव्हे, असेही सुनावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मामा, ती नवीन आहे हे मी ध्यानात घ्यायला हवं होतं, ही चूक कबूल. पण डाव खोटा नाही. तुम्ही जरा बसा, दाखवतो.” आम्ही बसलो. त्या बसण्यातून जे काही आमच्या पदरी पडले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा हा दुसरा भाग. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एन्सेम्बल स्टुडिओज या संस्थेने तो रचला आणि मायक्रोसॉफ्टने 1999 साली प्रसिद्ध केला. संगणकाच्या जगात वीस-पंचवीस वर्षे म्हणजे एक अख्खे युग. तरीही 2019 साली त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तो आजही हौसेने खेळला जातो. नेहमीच्या डावात प्रत्येक खेळाडूपाशी आरंभी तीन गावकरी आणि एक टेहळणीचा घोडेस्वार असतो. गाठीशी दोनशे अन्न, दोनशे लाकूड, शंभर सोने आणि दोनशे दगड. मध्यभागी एक मोठी वास्तू. तिला ते टाऊन सेंटर म्हणतात, आपण चावडी म्हणू. एवढ्या संसारावर अंधारयुगातून सरंजामी युगात, तेथून दुर्गयुगात आणि अखेर साम्राज्ययुगात जायचे. पहिली पायरी चढण्यास पाचशे अन्न लागते, दुसरीस आठशे अन्न आणि दोनशे सोने.

खेळाचे सारे मर्म गावकऱ्यांत आहे. चावडीतून एक नवा गावकरी घडवण्यास पन्नास अन्न आणि पंचवीस सेकंद लागतात. तोच मेंढ्या कापतो, रानडुकराची शिकार करतो, लाकडे तोडतो, शेत करतो, घर बांधतो. जाणता खेळाडू चावडीला क्षणभरही रिकामी राहू देत नाही. कारण आज जन्मलेला गावकरी उद्या चार गावकऱ्यांचे अन्न आणणार असतो. संसारी वाचकांस हे निराळे सांगायला नको; पहिल्या पाच वर्षांतली काटकसर पुढची पंचवीस वर्षे पोसते.

आणि नेमक्या याच वेळी, शेत नांगरून बी टाकावे अशा ऐन घटकेला, शत्रू येतो. या लवकरच्या हल्ल्याला खेळाडूंच्या बोलीत ‘रश’ म्हणतात. त्याचेही प्रकार आहेत. कोणी अंधारयुगातच बराक उभारून तीन शिपाई धाडतो. कोणी नऊ-दहा मिनिटांत सरंजामी युग गाठून पागा बांधतो आणि चार घोडेस्वार सोडतो; आमच्या कन्येवर आला तो हाच प्रसंग. कोणी तिरंदाज पाठवतो. आणि कोणी तर आपलेच गावकरी शत्रूच्या दाराशी नेऊन तेथे दगडी मनोरा उभारतो, म्हणजे खाणीवर जाणाऱ्या माणसावर वरून बाण पडावेत. भूमीप्रमाणेही फरक पडतो. ‘अरेबिया’ नावाचा उघडा माळ या हल्ल्यास सोयीचा. ‘ब्लॅक फॉरेस्ट’मध्ये दाट झाडीमुळे वाटा अरुंद, तेव्हा तेथे तो अवघड. मंगोलांच्या शिकाऱ्यांचा हात इतरांहून चाळीस टक्के जलद चालतो, म्हणून त्यांना घोडे लवकर जमवता येतात.

आमची समजूत अशी, की हल्ला म्हणजे शत्रूचे शिपाई मारणे. भाच्याने ती प्रथमच खोडून काढली. “मामा, माझे घोडे तिची माणसं मारायला गेलेच नव्हते. कामं थांबवायला गेले होते. माणसं मेली, ती ती गोंधळली म्हणून.” मग त्याने हिशेब मांडला. लाकूडतोड्या मिनिटाला वीसएक लाकडे आणतो असे धरा. घोडे दिसताच पाच लाकूडतोडे पळून मिनिटभर चावडीत दडले, तर शंभर लाकडे गेली. एका शेताला साठ लाकडे लागतात. म्हणजे एकही माणूस न मरता दीड शेत बुडाले. शिवाय खेळाडूचे लक्ष त्या घोड्यांकडे गुंतले, की इकडे चावडी रिकामी राहते आणि नवा गावकरी जन्मत नाही. हा तोटा डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तो मोठा.

परंतु घाला घालणाऱ्यासही हे फुकट मिळत नाही. पागेला एकशे पंचाहत्तर लाकडे, प्रत्येक घोडेस्वारास ऐंशी अन्न. चार स्वारांचे तीनशे वीस अन्न म्हणजे सहा गावकऱ्यांची किंमत. एवढे खर्चून शत्रूचे काम थांबले नाही, तर आपणच सहा माणसांनी मागे पडलो. समोरच्याने वेळीच दोन भालाईत उभे केले, तर घोड्यांचे काही चालत नाही. आणि एका भालाइताला पस्तीस अन्न आणि पंचवीस लाकडे, एवढाच खर्च. मेढेकोट आहे, घरांच्या भिंती एकमेकींना लावून केलेला आडोसा आहे, चावडीत माणसे शिरली की तेथून अधिक बाण सुटतात, तीही एक सोय आहे. मुख्य म्हणजे आरंभी मिळालेला टेहळ्या. तो शत्रूच्या गावाभोवती फिरवला, तर पागा उभी राहताना दिसते, आणि दिसली की तयारीस वेळ मिळतो. आमच्या कन्येने तो टेहळ्या चावडीपाशी उभा करून ठेवला होता.

तरीही आमच्यातला मास्तर हटेना. दोघांचे गाव वसल्यावर, सैन्ये सजल्यावर मैदानात गाठ पडावी, हे न्यायाचे नव्हे काय? भाचा म्हणाला, पुष्कळांना तसे वाटते. पहिली वीस मिनिटे कोणी कोणावर चढाई करायची नाही, असा करार करून खेळणारेही असतात. “पण मग काय होतं सांगू? भिंत कोणी बांधत नाही, टेहळणी कोणी करत नाही. जो तो नुसता साठवत बसतो. या खेळात साठवणारा भिंतीवाल्याला हरवतो, भिंतीवाला चढाई करणाऱ्याला हरवतो, आणि चढाई करणारा साठवणाऱ्याला. यातला एक काढला की बाकीचे दोन लंगडे होतात.” हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटला, हे प्रांजळपणे नमूद करतो.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना ‘गनिमी कावा’ हा शब्द आला असेल. आमच्याही आला. पण दोन्ही एक नव्हेत. गनिमी कावा हे दुबळ्याने बलाढ्यास जेरीस आणण्याचे शस्त्र. या खेळात आरंभी दोघेही सारखेच दुबळे असतात. साम्य आहे ते रसदेच्या बाबतीत. 1760 सालच्या अखेरीस पानिपतावर सदाशिवरावभाऊंची छावणी पडली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, अंतर्वेदीतून येणारी रसद तुटली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी जे सैन्य रणात उतरले ते उपाशी पोटी उतरले. तलवारीआधी भाकरी तुटते, हे आपल्याला कोणत्या खेळाने शिकवण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी, कोणी पाहत नाही असे पाहून, आम्ही स्वतः भाच्यासमोर बसलो. कळी दाबण्यास आमचा हात संथ. तरी वीस गावकरी जमवले आणि मनातून फुशारलो. तोच त्याचे तीन शिपाई आले. आम्ही काय केले असेल? मेंढ्या टाकल्या, लाकडे टाकली आणि झाडून सगळे गावकरी त्या तिघांच्या मागे पिटाळले. ते तिघे पुढे पळत, आमचे वीस मागे धावत, आणि अधूनमधून वळून ते एखाद्यास लोळवीत. चार माणसे पडली. आमच्या तळहाताला घाम सुटला. ‘आता काय राहिले?’ असे म्हणून आम्ही डाव सोडल्याची कळ दाबली.

भाचा हसला नाही. उलट त्याला वाईट वाटलेले दिसले. “मामा, चार गेली होती. सोळा शिल्लक होती. माझ्याकडेही फार काही नव्हतं. शिपायांवर खर्च करून मी मागेच होतो. तुम्ही उगाच सोडलात.”

सोळा शिल्लक होती. हे वाक्य त्या रात्री आम्हांस झोपू देईना. कारण असाच एक घाला आम्ही स्वतः दरवर्षी घालत आलो होतो, आणि तो शत्रूवर नव्हे.

शाळा उघडली, की पहिल्याच आठवड्यात मागील इयत्तेच्या अभ्यासावर पंचवीस गुणांची एक चाचणी घ्यायची आणि गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे, ही आमची जुनी पद्धत. मुले सावध होतात, अशी आमची श्रद्धा. काही वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. घरी माग, शाळेतून गेला की वडिलांच्या हाताखाली कामाला बसे. त्या चाचणीत त्याला गणितात सहा गुण पडले. आम्ही ते वाचले आणि वर एक शेराही मारला, वर्ग हसला. त्यानंतर त्या मुलाने हात वर केलेला आम्हांस आठवत नाही. गणपतीनंतर तो येईनासा झाला. आम्ही एकदा घरी जाऊन आलो, कर्तव्य केल्याचे समाधान मानले, आणि पटावरून नाव कमी झाले.

तो गणितात कच्चा नव्हता, भागाकारात कच्चा होता. बेरीज, वजाबाकी, पाढे येत होते. सोळा माणसे शिल्लक होती. पण हे त्याला सांगणारे कोणी त्या वर्गात नव्हते, आणि ज्याने सांगायचे तोच घोड्यावर बसून आला होता. खेळात निदान दोघे बरोबरीने आरंभ करतात. वर्गात तसे नसते. कोणी तीन गावकऱ्यांनिशी येतो, कोणी दहा, आणि कोणी एकटाच.

चाचणी वाईट नव्हे. टेहळ्या हवाच, मुलाचे काय अडते ते आरंभीच कळले पाहिजे. पण टेहळणी वेगळी आणि घाला वेगळा, एवढी गोष्ट कळायला आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरले, तेव्हा चाचणी घेतली. गुण मात्र ज्याचे त्यास जवळ बोलावून सांगितले, आणि आधी काय येते ते सांगितले. सहकाऱ्यांपैकी दोघांना हे पटले आहे, एकास नाही. त्या मुलाचा पत्ता काढून आम्ही त्याच्या घरीही गेलो होतो. तो आता बाहेरगावी कामाला असतो. त्याच्या आईने आम्हांस चहा दिला. काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही.

भाचा परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी माडीवर पुन्हा एकवार युद्ध झाले. या वेळी कन्येने टेहळ्या फिरवला, पागा पाहिली, मेढेकोट घातला आणि दोन भालाईत दाराशी उभे केले. घोडे आले तसे परत गेले. डाव चाळीस मिनिटे चालला आणि अखेरीस ती हरली. खाली येऊन तिने आईजवळ चिवडा मागितला.

“किती माणसे उरली होती?” आम्ही विचारले.

“एकही नाही,” ती बकाणा भरता भरता म्हणाली, “पण शेतं चौदा केली होती.”