शांतीचा चोर

मुलांनो, कुणी आपल्या लाडक्या बाळाच्या नावात 'चोर' हा शब्द घातला, तर तुम्ही काय म्हणाल? हसाल ना? पण असं एक नाव खरोखरच आहे बरं का! नकाशात युरोपच्या अगदी वरच्या भागात नॉर्वे आणि स्वीडन हे शेजारी देश शोधा. तिकडचं हे जुनं नाव. फ्रित्योफ! नॉर्वेत ते लिहिताना मध्ये 'डी' आणि 'जे' ही इंग्रजी अक्षरं येतात. पण 'डी' उच्चारत नाहीत आणि 'जे'चा होतो 'य'.

या नावाचे दोन तुकडे आहेत. तिकडच्या प्राचीन भाषेत 'फ्रिथ' म्हणजे शांती आणि 'थ्योफ' म्हणजे चोर. इंग्रजीतला 'थीफ' आठवला का? अगदी बरोबर! हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. म्हणजे सरळ अर्थ लावला, तर 'शांतीचा चोर'.

असं कसं नाव? त्याचं असं आहे, त्या काळी तिकडे दोन शब्द जोडून नावं करण्याची पद्धत होती. 'थोर' हा त्यांचा मेघगर्जनेचा देव. त्याला 'अस्वल' जोडलं की झालं तोरब्यॉर्न, 'दगड' जोडला की तोरस्तेन. जोडीचा अर्थ नीट लागलाच पाहिजे, असं काही नव्हतं. मुलीचं हिल्डेगुन हे नाव घ्या. त्यातल्या 'हिल्ड'चा अर्थ लढाई आणि 'गुन'चाही लढाईच!

आता फ्रित्योफची गोष्ट ऐका. सुमारे सातशे वर्षांपूर्वी आइसलंडमध्ये लिहिल्या गेलेल्या एका कथेचा तो नायक. शूर, पण राजपुत्र नव्हे. इंगेबोर्ग या राजकन्येशी त्याला लग्न करायचं होतं. तिच्या भावांनी नकार दिला आणि पुढे रिंग नावाच्या म्हाताऱ्या राजाशी तिचं लग्न लावून दिलं. मग फ्रित्योफ वेष पालटून रिंगच्या दरबारात गेला. राजाने नाव विचारलं, तर त्याने सांगितलं, 'थ्योफ'. म्हणजे चोर!

एकदा रानात तो आणि राजा दोघेच होते. राजा झोपला. फ्रित्योफच्या कमरेला तलवार होती. कुणी पाहणारं नव्हतं. त्याने तलवार उपसली आणि दूर फेकून दिली. राजा झोपलेला नव्हताच! त्याने फ्रित्योफला पहिल्याच रात्री ओळखलं होतं. पुढे मरण जवळ आल्यावर राजाने राणी आणि राज्य विश्वासाने त्याच्याच हवाली केलं. पाहिलंत? स्वतःला चोर म्हणवणाऱ्याने चोरी केलीच नाही.

ही कथा स्वीडनचा कवी एसाइआस टेग्नेर याने काव्यात लिहिली. १८२५ साली ते पुस्तक निघालं आणि युरोपातल्या कितीतरी भाषांत गेलं. मग काय, घराघरांत फ्रित्योफ जन्माला येऊ लागले! जर्मनीतही हे नाव पोचलं. नॉर्वेत वांगस्नेस या गावी फ्रित्योफचा प्रचंड पुतळा आहे. तो १९१३ साली जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म याने भेट दिला.

पण या नावाला सर्वांत मोठा मान मिळवून दिला, तो फ्रित्योफ नान्सेन यांनी. त्यांचा जन्म १८६१चा, नॉर्वेतला. १८८८ साली पाच सोबत्यांना घेऊन, बर्फावरच्या स्कीवरून त्यांनी ग्रीनलंड बेट आडवं पार केलं. पुढे 'फ्राम' नावाचं गोल बुडाचं जहाज त्यांनी मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं. बर्फाने दाबलं की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जाई. तिथून एका सोबत्याबरोबर ते पायी निघाले आणि एप्रिल १८९५मध्ये ८६ अंश १४ मिनिटं उत्तरेपर्यंत पोचले. तोवर तिथपर्यंत कुणीच गेलं नव्हतं.

खरं मोठं काम तर पुढेच आहे. पहिलं महायुद्ध संपलं, तरी लाखो युद्धकैदी परदेशांत अडकले होते. त्यांतल्या चार लाखांहून अधिक लोकांना घरी पोचवण्याचं काम नान्सेन यांच्या देखरेखीखाली झालं. ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणत नव्हता, अशा निर्वासितांसाठी १९२२ साली खास ओळखपत्र निघालं. त्याचं नावच पडलं 'नान्सेन पासपोर्ट'. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. कशाचं, ओळखा पाहू! शांततेचं! ज्याच्या नावाचा अर्थ 'शांतीचा चोर', त्यालाच शांततेचं पारितोषिक!

आज हे नाव जुन्या वळणाचं समजलं जातं. नव्या बाळांना ते क्वचितच ठेवतात. पण नान्सेन म्हटलं की तिकडे कुणाला चोर आठवत नाही.

आपल्याकडे म्हणतात ना, 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा'? इथे बरोबर उलटं झालं. आपल्याकडेही दगडू, धोंडू, केरू अशी नावं होती. आधीची बाळं दगावली, की हे तरी जगावं, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून आईबाप असं नाव ठेवत. ऐकणाऱ्याला दगड ऐकू येतो, ठेवणाऱ्याच्या मनात मात्र माया असते. म्हणून हजेरीत एखादं वेगळं नाव आलं की खुदकन हसू नका. रोजच्या हसण्याने त्या मुलाला हजेरीला 'हजर' म्हणायचीही चोरी होते. आणि आईबाबांनो, घरी मुलं कुणाला नावावरून चिडवत असतील, तर ती चेष्टा तिथेच थांबवा.

या रविवारी एक काम करा. तुमचं नाव कुणी ठेवलं आणि का, ते आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा. मग शेजारी बसणाऱ्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या नावाची गोष्टही विचारा. ऐकाल ना?